ब्रशचा फॉन्ट घेताय? आधी त्यात ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप करून बघा

मिसळीचं नवं दुकान, घरगुती चिवड्याची पाकिटं, ढोल पथकाचा सराव सुरू झाल्याची जाहिरात, द्राक्षबागेतल्या हुरडा पार्टीचं आमंत्रण. नाशिकमध्ये असली छोटी कामं अंगावर घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की नाव जरा हाताने लिहिल्यासारखं दिसावं. मग शोधाशोध होते, ब्रशच्या फटकाऱ्यांचा एखादा फॉन्ट सापडतो, त्यात नाव बसवलं की स्क्रीनवर झकास दिसतं. आणि छापून आल्यावर पहिलंच गिऱ्हाईक विचारतं, ‘हे काय लिहिलंय?’

हा लेख या कामाला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी आहे. डिझाइनचं शिक्षण नसलं तरी चालेल. साधा कॉम्प्युटर, युनिकोडमध्ये मराठी टाइप करायची सवय आणि थोडा धीर एवढं पुरे. ब्रश फॉन्ट दिसायला आवडला म्हणून घेऊ नका. तुमच्या मजकुरातला सगळ्यात अवघड शब्द त्यात नीट उतरतो का ते बघून घ्या, आणि घेतल्यावर तो एकाच ओळीला वापरा. बाकी सगळा लेख म्हणजे हे कसं करायचं त्याचा तपशील.

हा प्रकार नेमका काय आहे

ब्रशने झरझर लिहिलेल्या अक्षराची नक्कल करणारा टाइपफेस म्हणजे ब्रश फॉन्ट. रेघ सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती, कडा थोड्या खडबडीत, अक्षरं रांगेत उभी न राहता किंचित वरखाली. लग्नपत्रिकेतल्या नटव्या सुलेखनापेक्षा हा प्रकार मोकळा आणि वहीतल्या अक्षरापेक्षा ठसठशीत.

इंग्रजीत तो जुना आहे. रॉबर्ट स्मिथ यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी केलेला ‘ब्रश स्क्रिप्ट’ १९४२ चा, तर रोजे एक्सकोफों या फ्रेंच डिझायनरचा ‘मिस्ट्राल’ १९५३ चा. दोन्ही शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छपाई व्हायची त्या काळातले. खिळे सुटे सुटे, पण छापल्यावर मात्र हात न उचलता लिहिल्यासारखं दिसायला हवं, हे त्यातलं कसब. आज कॉलेज रोडवरच्या कॅफेंच्या पाट्यांवर जी गुबगुबीत, एकमेकांत गुंतलेली इंग्रजी अक्षरं दिसतात, ती बऱ्याचदा व्हर्नन ॲडम्स यांच्या ‘पॅसिफिको’ची किंवा त्याच्या भाऊबंदांची असतात.

इंग्रजी ब्रश फॉन्ट हजारोंनी मिळतात, मराठी मात्र बोटांवर मोजण्याइतके. याला कारण आहे. इंग्रजीत लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं काढली की मुख्य काम संपतं. देवनागरीत स्वर, व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, जोडाक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असं करत काही शे आकार काढावे लागतात, आणि प्रत्येकात ब्रशचा तोच ओघ टिकवावा लागतो.

दुसरी अडचण शिरोरेषेची. इंग्रजी अक्षरं ओळीच्या तळाशी एकमेकांना जोडतात, आपली वरच्या रेघेला टांगलेली असतात. हाताने लिहिताना आपण ही रेघ तीन तऱ्हांनी देतो: अक्षरागणिक तुटक, शब्द संपल्यावर एका फटकाऱ्यात, किंवा देतच नाही. मोडी लिहिणारे तर उलटं करायचे. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू चालवायचा. एका फटकाऱ्यातली रेघ सगळ्यात देखणी, पण फॉन्टमध्ये तीच सगळ्यात कठीण, कारण फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षरासोबत तुकड्यातुकड्याने येते. खरा ब्रश शब्दाच्या सुरुवातीला रंगाने भरलेला असतो आणि शेवटी सुकत जातो; फॉन्टमधल्या अक्षराला आपण शब्दात कुठे बसलोय हेच ठाऊक नसतं.

आणखी एक बारकावा. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाड-बारीकपणाचा कल रोमन अक्षरांच्या उलट्या बाजूला पडतो. त्यामुळे इंग्रजी ब्रश फॉन्टचे फटकारे उचलून त्यांची मराठी अक्षरं जुळवली, तर ती कुठेतरी उपरी दिसतात. काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं.

पायरी १: मजकूर आधी, फॉन्ट नंतर

कागदावर पूर्ण मजकूर लिहून काढा. नाव, खालची ओळ, पत्ता, फोन, वेळ, किंमत, जे काही असेल ते. मग त्यातली एकच ओळ निवडा, जी माणसाच्या तोंडून आल्यासारखी वाटायला हवी. बहुतेक वेळा ती नावाची असते. कधी ‘या जेवायला’सारखी हाकही असते. ब्रश तिथेच. बाकी सगळं साध्या फॉन्टमध्ये.

हे प्रमाण बघायचं असेल तर खिशातली नोट काढा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. नोटेवर इतक्या भाषा, इतके आकडे, इतकी नक्षी. त्यात हाताचं वळण फक्त गव्हर्नरच्या सहीत. सगळीच अक्षरं सहीसारखी असती तर सही दिसलीच नसती.

ही ओळ निवडताना कामाचा स्वभावही बघा. खाणं, शेती, सण, सहल, मुलांची शिबिरं, टी-शर्ट, हस्तकला इथे ब्रश शोभतो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, त्याचं आमंत्रण ब्रशमध्ये असलं की बघणाऱ्याला रंग आधीच अंगावर आल्यासारखं वाटतं. दवाखाना, वकिलाचं कार्यालय, पतसंस्था, वार्षिक सभेची नोटीस इथे नको. श्रद्धांजलीच्या फलकावर तर नकोच नको, आणि तो तिथे सर्रास दिसतो म्हणून मुद्दाम सांगतोय.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आता शहरात छोट्या-मोठ्या व्यावसायिकांकडे कामं येऊ लागलीत. भजनी मंडळाचा फलक, अन्नछत्राचं नाव, पिशवीवरचं चित्र यांना ब्रश जरूर वापरा. पण ‘रामकुंडाकडे’, ‘पिण्याचे पाणी’, ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असल्या पाट्यांना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. गर्दीच्या रेट्यात चालणाऱ्या, कदाचित देवनागरी सवयीची नसलेल्या माणसाला ती पाटी एका नजरेत कळायला हवी.

पायरी २: फॉन्ट कुठून घ्यायचा

गूगल फॉन्ट्सपासून सुरुवात करा. तिथे भाषेच्या यादीत देवनागरी निवडलं की मोकळ्या वळणाचे काही फॉन्ट सापडतात. ‘कलम’ हा इंडियन टाइप फाउंड्रीचा. हाताच्या लिखाणाच्या सगळ्यात जवळचा आणि तीन जाड्यांत उपलब्ध. काटेकोरपणे बोलायचं तर तो पेनाचा आहे, ब्रशचा नाही, पण त्याचं जाड रूप लेबलवर छान काम करतं. त्याच फाउंड्रीचा ‘तिल्लाना’ थोडा नाचरा आहे. ‘अमिता’ जास्त वळणदार. ‘यात्रा वन’ हा रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण ठेवून केलेला, चपट्या ब्रशचा. तो झरझर लिहिलेला वाटत नाही, पेंटरने सावकाश रंगवलेला वाटतो. जुन्या वाड्यातल्या खाणावळीला यातला कुठला शोभेल असं विचारलंत तर मी डोळे मिटून ‘यात्रा वन’ म्हणेन.

हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे धंद्याच्या कामात वापरा, छापा, छापलेला माल विका, कुणाला पैसे द्यायला नकोत. फक्त तो फॉन्टच स्वतंत्र वस्तू म्हणून विकायचा नाही.

इतर ठिकाणाहून उतरवलेल्या फॉन्टसोबतची परवान्याची फाइल उघडून वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलं असेल, तर चिवड्याच्या पाकिटावर तो चालणार नाही. पाकीट विकलं की तो व्यवसाय झाला. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी ती ‘पाच हजार मराठी फॉन्ट’ची झिप फाइल? सोडून द्या. त्यातले बरेचसे चोरीचे असतात, आणि उरलेल्यांतले पुष्कळ जुन्या पद्धतीचे, युनिकोडच्या आधीचे. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी चिन्हं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळं अगम्य होतं.

पायरी ३: परीक्षा

हीच मुख्य पायरी. इथे घाई करू नका.

फॉन्टच्या पानावर जो नमुना दाखवलेला असतो तो फॉन्टवाल्याने निवडलेला असतो, म्हणजे त्यात सगळं गोडच दिसणार. तुम्ही तुमचा शब्द टाका. नाशिककरांच्या घरचा, हक्काचा परीक्षेचा शब्द आहे ‘त्र्यंबकेश्वर’. पहिल्याच अक्षरात त, र आणि य अशी तीन व्यंजनं, वर अनुस्वार, पुढे मात्रा, मग श्व. कच्च्या फॉन्टमध्ये त्र आणि य यांच्यामध्ये पाय मोडलेली खूण दिसते, अनुस्वार शिरोरेषेत रुतून बसतो, नाहीतर श्व मधला व श च्या पोटात शिरतो. ‘त्र्यंबकेश्वर’ स्वच्छ आलं तर त्या फॉन्टवर पुढचा वेळ घालवायला हरकत नाही.

मग हे शब्द टाका. ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’: मराठीतला हा अर्धा र हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये नसतो, त्या जागी रफार येतो किंवा र चा पाय मोडतो. ‘ॲप’: ॲ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते. ‘उद्घाटन’, ‘शुभेच्छा’, ‘विठ्ठल’: फलकांवर रोज लागणारे शब्द, आणि द्घ, च्छ, ठ्ठ यांची गाठ पडते म्हणून कसोटीचे. ‘मूर्ती’मध्ये रफार आणि दुसरी वेलांटी एकाच जागेसाठी भांडतात. ‘सर्वांचं’मध्ये रफार आणि अनुस्वार. ‘रुचकर’ आणि ‘रूप’ शेजारी ठेवून दोन्ही उकार वेगळे ओळखू येतात का बघा. ब्रशच्या जाड फटकाऱ्यात ते हमखास सारखे होतात. ‘द्राक्ष’ तर आपल्याला लागणारच.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. भ आणि म, ध आणि घ या जोड्यांमधला फरक मुख्यतः वरच्या रेघेवर अवलंबून असतो. भ आणि ध च्या डोक्यावर रेघ मध्येच तुटते, म आणि घ वर ती सलग जाते. ब्रश फॉन्टमध्ये शिरोरेषा तुटक असेल किंवा नसेलच, तर हा फरक सांगायला फक्त अक्षराच्या टोकाची एक छोटी गाठ उरते, आणि तीही बऱ्याचदा फटकाऱ्यात हरवते. ‘घरचा चिवडा’ मग ‘धरचा चिवडा’ होतो. ‘भरीत-भाकरी’चं काय होतं ते तुम्हीच टाइप करून बघा. तुमच्या नावात यातलं अक्षर असेल, तर बिनरेघेचा फॉन्ट कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा.

शेवटी ल आणि श. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो, मराठी वळणाचा दोन पाकळ्यांचा. श चंही असंच वेगळं वळण आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली की आपोआप बदलतात. काहींत फक्त हिंदीची असतात. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठी वळणाचाच आग्रह होता. भेळेच्या गाडीला याने फारसा फरक पडत नाही. पण २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, त्यांच्याच गावात मराठी भाषा गौरव दिनाचा फलक हिंदी वळणाच्या ल-श मध्ये लागला, तर कुणीतरी जाणकार तुम्हाला गाठून ऐकवणार हे नक्की.

पायरी ४: सॉफ्टवेअर अक्षरं मोडतंय का?

फॉन्ट चांगला असूनही अक्षरं विस्कटली तर दोष सॉफ्टवेअरचा. ओळखायची खूण सोपी आहे: ‘मिसळ’ टाइप केलं आणि ‘मसिळ’ दिसलं, ‘नाशिक’चं ‘नाशकि’ झालं, की समजा पहिली वेलांटी अक्षराआधी आणून बसवण्याचं काम या सॉफ्टवेअरला येत नाही. जोडाक्षरंही मग सुटी पडतात.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात टेक्स्ट इंजिन बदलता येतं; दक्षिण आशियाई भाषांचा किंवा ‘वर्ल्ड-रेडी’चा उल्लेख असलेला पर्याय निवडा, बंद करून पुन्हा उघडा आणि नवीन मजकूर टाका. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर असतो. कोरलड्रॉची (सगळे नुसतं कोरल म्हणतात) जुनी आवृत्ती असेल तर युनिकोड मराठी तिथे मोडतंच. त्याच्याशी झटापट करत बसू नका. पैसे खर्च करायचे नसतील तर इंकस्केप घ्या. फुकट आहे, देवनागरी बिनचूक दाखवतं, आणि या लेखातलं सगळं काम त्यात होतं.

पायरी ५: शब्द बसवणं

समजा ‘काळाराम’ लिहायचंय. या एका शब्दात तीन काने आहेत, शिवाय क आणि म चे दंड. फॉन्टमध्ये तिन्ही काने हुबेहूब एकसारखे येतात: तीच लांबी, तेच खडबडीत टोक, रंग उडाल्याचा तोच ओरखडा त्याच जागी. हाताने लिहिताना हे कधीच होत नाही. दुरून नीट दिसतं, पण जवळ गेल्यावर ‘हा फॉन्ट आहे’ हे तिथेच उघडं पडतं.

काही महागड्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपं असतात. ती नसतील तर मजकुराचे कर्व्ह करून घ्या, म्हणजे टाइप केलेली अक्षरं नुसत्या चित्रासारख्या आकारांत बदला. इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, कोरलमध्ये कंट्रोल क्यू. मग मधला काना जरासा लांबवा, शेवटच्या दंडाचं टोक थोडं डावीकडे वळवा, एकाचा ओरखडा पुसून टाका. एवढंच. सगळी अक्षरं हलवायला गेलात तर फॉन्ट करणाऱ्याने साधलेला तोल जातो. कर्व्ह करण्याआधी मजकुराची मूळ फाइल वेगळी ठेवा, कारण कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही आणि गिऱ्हाईक ऱ्हस्व-दीर्घ नेहमी शेवटच्या दिवशीच पकडतं.

दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा. साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरं ऐसपैस केली की श्रीमंत दिसतात. मराठीत शिरोरेषा तुटते आणि इंग्रजी ब्रशमध्ये अक्षरांचे सांधे निखळतात. इंग्रजी ब्रश सगळा मोठ्या लिपीतही लिहू नका, ती अक्षरं शब्दाच्या सुरुवातीसाठी काढलेली असतात. ओळ तिरपी करायची असेल तर थोडीच, डावीकडून उजवीकडे चढती. दोन ओळी असतील तर त्यांच्यात अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी जागा धरा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांमध्ये अडकतात. सावली, सोनेरी किनार, चमक यातलं काहीही नको. ब्रशच्या अक्षराला स्वतःची जाड-बारीक चाल असते, त्यावर किनार चढवली की ती चालच झाकली जाते.

पायरी ६: सोबतचा फॉन्ट

थोडक्यात: एक ब्रश, एक साधा, बस. साध्यासाठी ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’. दोन ब्रश फॉन्ट एकाच पाकिटावर कधीच नको.

फोन नंबर, किंमत, तारीख हे साध्यातच घ्या. ब्रशच्या आकड्यांत १ आणि ९ यांची गल्लत होते आणि चुकीच्या घरी फोन वाजतो. खाद्यपदार्थाचं लेबल असेल तर निव्वळ वजन, घटक, उत्पादनाची तारीख, कमाल किरकोळ किंमत, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हे स्वच्छ वाचता आलंच पाहिजे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत वजनाच्या आकड्यांची किमान उंचीही ठरवून दिलेली आहे. लेबल आखताना या मजकुराची जागा आधी राखा आणि उरलेल्या जागेत ब्रशचं नाव खेळवा. उलट केलंत तर शेवटी घटकांची यादी मुंगीएवढी होते.

पायरी ७: दुकानाची पाटी असेल तर

पाटीला कायदा लागू होतो. राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दुकान कितीही लहान असो, नामफलक देवनागरी मराठीत हवा, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. त्यामुळे मोठ्या इंग्रजी ब्रशमध्ये नाव आणि खाली कोपऱ्यात बारीक मराठी, ही जुनी खोड आता चालत नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. इंग्रजी नाव झोकदार ब्रशमध्ये आणि त्याखाली मराठी कुठल्यातरी सरकारी वळणाच्या फॉन्टमध्ये. पाटीवर एकाच दुकानाची दोन नावं नाहीत, दोन दुकानं दिसतात. त्यापेक्षा ज्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकाच वळणाच्या आहेत असा घ्या. पायरी २ मधले चारही फॉन्ट तसे आहेत. किंवा मराठी ब्रशमध्ये मोठं आणि इंग्रजी साध्या अक्षरात छोटं. मला हे दुसरं जास्त आवडतं.

उंचीचा ढोबळ हिशोब पाट्यांच्या धंद्यात असा धरतात, की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. तो साध्या अक्षराचा. ब्रशला दीडपट-दुप्पट धरा. गंगापूर रोडवर समोरच्या फुटपाथवरून वाचता यायला हवं असेल, तर आधी ए-फोर कागदांवर नाव खऱ्या मापात छापून, चिकटवून, रस्ता ओलांडून बघा. नाव ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला लावा. घरच्यांना विचारू नका, त्यांना नाव आधीच पाठ असतं.

पायरी ८: छपाईला देताना

‘कर्व्ह करून आणलंय ना?’ हा प्रेसवाल्याचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, कोरल जुनं असतं. कर्व्ह केलेली पीडीएफ द्या, आणि सोबत बरोबर दिसणारं एक चित्रही, म्हणजे त्याला तुलना करता येईल.

फ्लेक्सला ब्रशचा खडबडीतपणा व्यवस्थित येतो. स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे पिशव्या आणि टी-शर्टला, सुकलेल्या ब्रशचे बारीक ठिपके जाळीत अडकतात आणि अर्धे उठतच नाहीत. तिथे भरीव कडांचा फॉन्ट घ्या. गडद पाकिटावर पांढरं अक्षर हवं असेल तर थोडं जाड रूप वापरा, कारण भोवतीची शाई आत सरकते आणि निमुळती टोकं बुजतात.

विनायल कटिंगला सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं. काचेच्या दारावर किंवा गाडीच्या मागच्या काचेवर नाव लावायचं असतं, तेव्हा मशीन अक्षराच्या कडेने पातं फिरवतं. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते कळत नाही, पण मशीनला तिथे दोन आकार एकमेकांवर दिसतात आणि ते रेघेच्या मधोमध काप घेतं. चिकटवताना शब्द तुकड्यांत सुटतो. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून जोडून घ्या. कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन. जोडून झालं की फक्त बाह्यरेषा दाखवणारं दृश्य उघडा आणि शब्दाच्या आत आडवी-उभी एकही रेघ उरली नाही ना ते तपासा. फटकाऱ्याच्या आजूबाजूला उडालेले सुटे शिंतोडेही काढून टाका. ते कापले जातात, पण कागदावरून उचलताना एकेक करून गळतात.

आणि फॉन्ट जमलाच नाही तर

मराठीत हे वरचेवर होतं. परीक्षेत सगळे नापास होतात, किंवा पास झालेला फॉन्ट शेजारच्या दुकानाने आधीच वापरलेला असतो. एकच शब्द लागणार असेल तर स्वतः लिहा. अर्धा इंचाचा चपटा ब्रश, काळा पोस्टर कलर, कार्ट्रिज पेपर. पेन्सिलीने आधी शिरोरेषेची आणि तळाची रेघ आखा, तोच शब्द पानं भरभरून लिहा आणि शिरोरेषा शब्द संपल्यावर एका दमात ओढा. फार जपून लिहिलेला नमुना बहुधा मेलेला दिसतो. हात सैल झाल्यावरचा घ्या. एका नमुन्यातला ‘त्र्यं’ आणि दुसऱ्यातला ‘श्व’ जोडलात तरी कुणी पकडणार नाही, फक्त दोन्हीकडे रंग सारखाच ओला असावा.

कागद पूर्ण सुकल्यावर सहाशे डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलचा फोटो घ्यावा लागला तर उजेड एका बाजूने न येता सगळीकडून सारखा पडेल असं बघा, नाहीतर अर्ध्या शब्दाला सावलीची कड येते. इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ने त्याचे कर्व्ह करा. बिंदू फार झाले असतील तर ‘सिम्प्लिफाय’ एकदा चालवा. दुसऱ्यांदा चालवलंत तर ब्रशच्या केसांच्या रेषा गुळगुळीत होतात आणि हाताने लिहिलेलं अक्षरही फॉन्टसारखं दिसायला लागतं.